युद्धकथेतला विनोद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धावरच्या कथा-कादंबऱ्या आवडीने वाचणारे आणि अशी एखादी कथा लिहायला घेऊन मध्येच अडलेले, असे दोन्हीकडचे लोक हे प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांच्या तळाशी एकच अवघडलेपण असतं: माणसं मरत असताना हसायचं कसं? हे अवघडलेपण मला मोलाचं वाटतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युद्धाच्या कथेत विनोद हवाच कशाला? हसलो तर मेलेल्यांचा अपमान नाही का होत?

युद्धकथेत आपण हसतो ते बहुतेक वेळा जिवंत माणसांच्या धडपडीला. चुकीच्या मापाचे बूट, कुणालाच न कळलेला हुकूम, झोपेसाठी चाललेली भांडणं. या बारीकसारीक गोष्टींमधून सैनिक आपल्याला माणूस म्हणून कळतो. तो कळला नाही, तर त्याचं मरण आपल्यासाठी नुसता आकडा राहतं.

एरिश मारिया रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या पहिल्या महायुद्धावरच्या जर्मन कादंबरीची (१९२९) सुरुवात आठवून पाहा. आचाऱ्याने १५० जणांचं जेवण रांधलंय आणि रांगेत ८० जण उभे आहेत. आज दुप्पट वाढप मिळणार म्हणून पोरं खूश, तर हिशेबाबाहेर एक डावही द्यायचा नाही म्हणून आचारी अडून बसलेला. ही वादावादी वाचताना हसू येतं, आणि मग वजाबाकी लक्षात येते. सत्तर जण रांगेत नाहीत. त्या सत्तर जणांवर लेखकाने पानभर शोक केला असता, तरी उरलेल्या घुगऱ्यांच्या त्या पातेल्याइतका तो मनात राहिला नसता. पोरंही निर्दय नाहीत. पोटभर जेवणं हीच त्या दिवशी जिवंत असल्याची खूण आहे.

२. ‘कॉमिक रिलीफ’ म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला काय म्हणावं?

गंभीर कथानकात ताण सैल करणारा विनोदी प्रसंग किंवा पात्र, एवढाच त्याचा अर्थ. कुणी ‘हास्यविसावा’ म्हणतं, कुणी ‘विरंगुळा’. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात, कारण ते ऐकून कथा तिथे थांबली असावी असं वाटतं. चांगल्या लेखकाच्या हातात ती थांबलेली नसते.

आपल्या ओळखीचं उदाहरण विराटपर्वातलं. राजा विराट दुसरीकडे लढायला गेलेला असताना कौरव गाई पळवतात. राजपुत्र उत्तर अंतःपुरात बढाया मारतो: सारथी तेवढा मिळू द्या, मग बघाच. बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन सारथी होतो, मुद्दाम कवच उलटसुलट चढवतो, स्त्रिया हसतात. राजकन्या उत्तरा तर बाहुल्यांसाठी कौरवांची रंगीत वस्त्रं आणायला सांगते. पुढे सैन्य दिसताच उत्तर रथातून उडी मारून पळत सुटतो. त्याच्यामागे वेणी उडवत, लाल वस्त्रं सावरत अर्जुन धावतो, आणि ते पाहून कौरवसैन्यातले काही जण हसतात.

हा प्रसंग मोकळा करतो यात शंका नाही. पण त्याच हशात कौरवांना संशय येतो, की हा नपुंसकाच्या वेशातला माणूस अर्जुन तर नव्हे? विनोद चालू असतानाच अज्ञातवासाचा पडदा फाटतो आणि खरं युद्ध जवळ येतं. विसावा मिळतो तो फक्त वाचकाला. गोष्ट पुढेच सरकत असते.

३. कॉमिक रिलीफ, काळा विनोद आणि उपहास हे सगळं एकच ना?

तिन्हींत हसू आहे, पण ते कुणी कुणासाठी निर्माण केलं यात फरक आहे. कॉमिक रिलीफ लेखक वाचकाला देतो. काळा विनोद पात्र स्वतःसाठी करतं, भीतीला तोंड देण्यासाठी. उपहास व्यवस्थेवर रोखलेला असतो.

काळ्या विनोदाचं सर्वांत नेटकं उदाहरण सिग्मंड फ्रॉइडने विनोदावरच्या १९२७ च्या निबंधात वापरलं आहे. सोमवारी फाशीकडे नेला जाणारा कैदी म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर छान झाली! मरण टळत नाही, पण त्या क्षणापुरता तो त्याच्यापुढे वाकत नाही. खंदकातल्या बऱ्याच विनोदांची जात हीच.

एकाच कथेत तिन्ही प्रकार असू शकतात. घोळ होतो तो लेखकालाच आपण कोणता वापरतोय हे ठाऊक नसलं की.

४. खरे सैनिक आघाडीवर इतके विनोद करतात का, की लेखक पदरचं घालतात?

करतात, आणि त्याची छापील साक्ष आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधलं ईप्र हे गाव तोफांनी उद्ध्वस्त झालं होतं. तिथल्या ढिगाऱ्यात ब्रिटिश सैनिकांना एक छापखान्याचं यंत्र सापडलं, आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांनी त्यावर ‘द वायपर्स टाइम्स’ नावाचं पत्र काढलं. ईप्रचा उच्चार जमत नसल्याने सैनिक त्याला वायपर्स म्हणत, तेच नाव पत्राला दिलं. त्यात खोट्या जाहिराती असत. एका प्रसिद्ध जाहिरातीत तर ‘आशावाद’ या रोगाची लक्षणं सांगून त्यावर इलाज सुचवला होता. गोळे पडत असताना माणसांनी खिळे जुळवून हे छापलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन या अमेरिकन सैनिकाने विली आणि जो हे दोन दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले, दमलेले शिपाई व्यंगचित्रांत चितारले. जनरल पॅटनना ही गबाळी जोडी मुळीच आवडली नाही. त्यांनी मॉल्डिनला बोलावून खडसावलं. शिपायांना मात्र ती आपलीच वाटे. १९४५ मध्ये मॉल्डिनला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

या क्षेत्रातले कितीतरी लेखक स्वतः तिथे होते. ‘श्वेक’ (प्रश्न ९) लिहिणारा चेक लेखक यारोस्लाव हाशेक ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यातून लढायला गेला आणि १९१५ मध्ये रशियनांच्या हाती सापडला. ‘कॅच-२२’ (प्रश्न ९) लिहिणाऱ्या जोसेफ हेलरने बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमा केल्या. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट फेब्रुवारी १९४५ मध्ये युद्धकैदी म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये होता. बॉम्बवर्षावात शहर जळत असताना तो एका कत्तलखान्याच्या तळघरात वाचला.

५. विनोदी प्रसंग नेमका कुठे ठेवायचा? लढाईआधी, नंतर, की ऐन लढाईत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ठोकळेबाज नियम देता येत नाही, पण वाचकाचं मन कसं चालतं ते सांगता येतं. सलग वीस पानं रक्तपात वाचला की एकविसाव्या पानावरचा मृत्यू बोथट होतो. विनोद ती संवेदना पुन्हा जागी करतो. म्हणूनच तो सर्वांत मोठ्या आघाताच्या थोडा आधी ठेवणं परिणामकारक ठरतं. वाचकाने सैलावून टेकावं आणि तेवढ्यात घाव बसावा.

आघातानंतर लगेच विनोद ठेवणं अवघड. वाचकाला शोक करायला अवधी हवा असतो. तो न देता लेखकाने चुटका टाकला, तर लेखकच घाबरला असं वाटतं. पात्र चुटका टाकून पळ काढत असेल आणि बाकीची पात्रं गप्प होत असतील, तर मात्र तोच विनोद खरा वाटतो.

ऐन लढाईतला विनोद परिस्थितीतून यावा. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात श्रूजबरीच्या रणभूमीवर राजपुत्र आपल्या लठ्ठ, दारूबाज सोबत्याकडे, फॉल्स्टाफकडे, पिस्तूल मागतो, आणि पिस्तुलाच्या म्यानातून निघते दारूची बाटली. इथे फॉल्स्टाफला शब्दांचा खेळ करायला फारशी गरजच पडत नाही. ती बाटलीच सगळं सांगते.

विनोद कुठे नसावा याचं चांगलं भान ‘मॅश’ या मालिकेने (१९७२ ते १९८३) दाखवलं. कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयावरची ही मालिका. वाहिनीच्या आग्रहामुळे तिच्यात ध्वनिमुद्रित हशा घालावा लागे, पण शस्त्रक्रियागृहातल्या दृश्यांत तो नसेल, ही सवलत निर्मात्यांनी मिळवली. डॉक्टर तिथेही विनोद करतात. फक्त हसायचं की नाही, ते प्रेक्षकाने एकट्याने ठरवायचं.

६. बढाईखोर आणि भित्रा सैनिक सगळीकडे का आढळतो?

कारण युद्धाची भाषा शौर्याची असते आणि शरीर भीतीचं. या दोहोंतली फट जुन्या काळापासून नाटककारांना दिसत आली. रोमन नाटककार प्लॉटसने अशा बढाईखोर शिपायावर अख्खं नाटक लिहिलं. उत्तर (प्रश्न २) आणि फॉल्स्टाफ याच कुळातले.

आज हे पात्र घ्यायचं असेल तर त्याच्या भित्रेपणाची किंमत कोण मोजतं ते जरूर दाखवा. फॉल्स्टाफ मेल्याचं सोंग घेऊन पडतो तेव्हा आपण हसतो. पण त्याने गोळा करून आणलेल्या दीडशे फाटक्या रंगरूटांपैकी तीनही धड जिवंत उरलेले नसतात, आणि हे तो स्वतःच जाता जाता सांगतो. शेक्सपिअरने हे वाक्य विनोदाच्या भरात पेरून ठेवलं आहे. अनेकांच्या नजरेतून ते निसटतं.

७. सगळ्यांना हसवणारं पात्रच शेवटी का मरतं? आता तर आधीच कळतं!

वाचकाचा सर्वांत जास्त जीव त्याच्यावर जडलेला असतो, म्हणून लेखकाला तो मोह होतो. उत्तराचंच पुढे काय होतं बघा. जो राजपुत्र सैन्य पाहून पळाला होता, तो कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवरून शल्याला भिडतो आणि मारला जातो. त्याच्यावर हसलेल्या वाचकाला ते लागतं. ‘मॅश’मध्ये विसराळू, गोड स्वभावाचा कर्नल हेन्री ब्लेक घरी जायला निघतो. निरोपाचे विनोद होतात, आणि मग भर शस्त्रक्रियेत त्याचं विमान पाडल्याची बातमी येते. १९७५ च्या त्या भागानंतर प्रेक्षकांनी रागाची पत्रं लिहिली होती.

पण ही युक्ती सवयीची झाली की मेलीच. उलटा मार्गही आहे. चंद्रधर शर्मा गुलेरींच्या ‘उसने कहा था’ या हिंदी कथेत (१९१५) वजीरासिंह हा पलटणीचा विदूषक. खंदकातलं गढूळ पाणी बादलीने उपसताना तो भटजी झाल्याचा आव आणतो आणि जर्मनीच्या बादशहाचं तर्पण करायला सांगतो. कथेच्या शेवटी वजीरा जिवंत आहे. मरतोय लहनासिंह, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजतोय वजीरा. हसवणाऱ्याला मारण्यापेक्षा त्याला गप्प झालेला पाहणं जास्त जड जातं, असं मला ही कथा वाचताना दर वेळी वाटतं.

८. विनोद कुणावर करावा? शत्रूची टिंगल चालते का?

चालते, पण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर शिळी होणारी. शत्रूचा साधा शिपाई मूर्ख दाखवला की आपला शिपाई मूर्खाशी लढून जिंकला, एवढंच उरतं. सत्ता असलेल्यावर केलेला विनोद टिकतो: आपला असो वा परका, हुकूम सोडणारा आणि स्वतः सुरक्षित असलेला.

‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात थर्सायटीज हा कुरूप, बडबड्या शिपाई राजा अगामेम्नॉनला सुनावतो, की लूट तू घेतोस आणि लढतो आम्ही. ओडिसियस त्याला राजदंडाने बडवतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सगळं सैन्य हसतं. आधीच्याच सर्गात अकिलीज हा त्यांचा सर्वांत मोठा योद्धा जवळपास हेच बोललेला असतो, तेव्हा कुणी हसलेलं नसतं. कुणावर हसण्याची मुभा आहे, हे त्या सैन्याच्या हशातून उघडं पडतं. तुमच्या कथेतली पात्रं कुणावर हसतात आणि वाचकाने कुणावर हसावं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर ती मोठी कमाई.

९. अख्खी कादंबरीच विनोदी असेल तर मग ‘रिलीफ’ कशापासून?

तिथे सगळा हिशेब उलटतो. हाशेकच्या ‘श्वेक’मध्ये (१९२१ ते १९२३, लेखकाच्या मृत्यूमुळे अपूर्ण) नायक प्रत्येक हुकूम इतक्या मनोभावे पाळतो की हुकूमच हास्यास्पद होतो. तो खरंच भोळा आहे की पक्का बेरकी, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. त्यामुळे त्याला शिक्षा तरी कशाची द्यायची, हे कुणालाच कळत नाही.

हेलरच्या ‘कॅच-२२’मध्ये (१९६१) विनोद हाच सापळा आहे. वेडा ठरलात तर उड्डाणातून सुटका, पण सुटका मागितलीत म्हणजे तुम्ही शहाणे. पानोपानी आपण हसत राहतो, आणि मधूनमधून स्नोडेन नावाच्या जखमी पोराचा उल्लेख येतो. दर वेळी थोडा अधिक. शेवटाजवळ तो प्रसंग पूर्ण उघडतो. नायक योसारियन त्याच्या मांडीची जखम नीट बांधतो आणि मग कळतं, की खरी जखम चिलखती जाकिटाखाली आहे. तोवरचा सगळा विनोद ही एक आठवण टाळण्याची धडपड होती. अशा कादंबरीत गांभीर्य थोड्याच जागी येतं, आणि तिथे अजिबात हसवायचं नसतं.

१०. हसत-खेळत दाखवल्याने युद्ध गोड वाटायला लागत नाही का?

लागतं, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. छावणीतली धमाल, दोस्ती, साहेबांना दिलेल्या हुलकावण्या एवढंच दाखवलं की युद्ध म्हणजे तरुणांची लांबलेली सहल वाटू लागते. तपासायची सोपी खूण अशी: प्रसंगातलं हसू ज्या गैरसोयीतून आलं, ती गैरसोय पुढे कुणाला भोवते का? भिजलेल्या बुटांवर विनोद झाला आणि चार प्रकरणांनंतर त्याच बुटांमुळे कुणाचा पाय सडला, तर कथा प्रामाणिक आहे. बूट नुसते विनोदापुरते आले असतील तर नाही.

११. विनोद कथानक पुढे नेऊ शकतो का, की तो नेहमी शोभेचाच?

‘उसने कहा था’कडेच परत जाऊ (ओळख प्रश्न ७ मध्ये आहे). इंग्रज साहेबाच्या गणवेशात एक जर्मन खंदकात शिरतो. लहनासिंहला संशय येतो. तो जुन्या शिकारीच्या आठवणी काढतो, आणि त्यांत मुद्दाम अशक्य गोष्टी मिसळतो: साहेब गाढवावर बसले होते, नीलगाईची शिंगं केवढी मोठी होती! तोतया सगळ्याला मान डोलावतो. शिंगं दोन फूट चार इंच होती, असं मापही देतो. थट्टेनेच हेर पकडला जातो.

पण लहनासिंह त्याला पकडून चिडवण्यात रमतो आणि त्याच्या पाटलोणीचे खिसे तपासायचे राहतात. त्याच खिशातून गोळी सुटते आणि लहनाच्या मांडीत घुसते. एकाच विनोदाने पलटण वाचली आणि विनोद करणारा घायाळ झाला. इतकी घट्ट वीण मला फार थोड्या युद्धकथांत दिसली.

१२. नरसंहार, छळछावण्या यांवर विनोद करावा का?

चार्ली चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये (१९४०) हिटलरची खिल्ली उडवली. पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं, की छावण्यांमधली खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर हा चित्रपट करता आला नसता. एवढ्या मोठ्या कलावंताचं हे म्हणणं सहज बाजूला सारता येत नाही.

माझं मत असं: मारणाऱ्याच्या ढोंगावर, त्याच्या पोकळ डौलावर विनोद करता येतो. बळींचा एकमेकांतला विनोदही दाखवता येतो, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. छावणीतलं मरणच विनोदाचा विषय झालं की मी वाचू शकत नाही. वडील मुलासाठी छावणीचा खेळ करतात अशी मांडणी असलेला १९९७ चा इटालियन चित्रपट अनेकांना हेलावून गेला आणि अनेकांना तो असह्य झाला. मला दोन्ही प्रतिक्रिया समजतात.

१३. हसणं स्वतःच क्रूर होतं, तेव्हा ते कसं लिहावं?

अगदी शांतपणे, लेखकाने भाष्य न करता. उर्दू कथाकार सआदत हसन मंटोच्या ‘टेटवाल का कुत्ता’मध्ये काश्मीरच्या डोंगरात दोन फौजा समोरासमोर आहेत आणि एक भटकं कुत्रं दोन्हीकडे जातं. शिपाई आधी त्याच्याशी खेळतात, त्याच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवतात. आपणही हसतो. मग दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडून त्याला इकडून तिकडे पळवणं सुरू होतं. खेळ कुठे संपला आणि मारणं कुठे सुरू झालं, ती रेघ सापडत नाही. मंटो ती आखतही नाही.

१४. मी कधी सैन्यात नव्हते. मला सैनिकांचा विनोद लिहिता येईल का?

येईल, पण कानाने. सैनिकांची पत्रं, रोजनिशा, आठवणी वाचा. त्यांचा विनोद बहुधा कोरडा, तुटक आणि कामाबद्दलचा असतो. हुशार कोट्या क्वचितच असतात. दमलेला माणूस लांब वाक्य बोलत नाही. शिवाय तो बाहेरच्याला समजावून सांगण्यासाठी नसतो, म्हणून तुम्हीही समजावू नका. दोन शिपाई हसले आणि वाचकाला अर्ध्या पानानंतर कारण कळलं, तर बिघडत नाही.

१५. अनुवादात हा विनोद हरवतो का?

शिव्या आणि कोट्या हरवतात, परिस्थितीतला विनोद टिकतो. हुद्द्यांमधलं अंतर मात्र जपावं लागतं. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘साहेब’ यांत ते आयतं मिळतं. आज्ञाधारक शिपायाचं ‘जी साहेब’ योग्य जागी आलं तर अर्धा श्वेक तिथेच उतरतो.

१६. लिहिलेला विनोद काढून टाकायची वेळ कधी येते?

तो वाचकाला हसवतो, पण कथेच्या जगाला फाडतो, तेव्हा. अणुयुद्धावरच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी (१९६४) स्टॅन्ली क्युब्रिकने शेवटी युद्धकक्षात एकमेकांवर क्रीमचे केक फेकण्याची मोठी हाणामारी चित्रित केली होती. तो सगळा प्रसंग त्याने कापला. नुसता धिंगाणा बाकीच्या उपहासाच्या सुरात बसत नव्हता.

मसुद्यात मी एक करून पाहतो. विनोदी प्रसंग झाकायचा आणि त्यापुढची दोन पानं वाचायची. ती तशीच उभी राहिली तर विनोद उपरा. ती फिकी पडली तर तो तिथलाच.

आणि शेवटच्या पानांवर जास्त काळजी घ्या. ‘ब्लॅकअ‍ॅडर गोज फोर्थ’ ही १९८९ ची ब्रिटिश मालिका पहिल्या महायुद्धातल्या खंदकात घडते आणि ती पूर्णपणे विनोदी आहे. अखेरच्या भागात चढाईचा हुकूम येतो. नेहमीप्रमाणे हलक्या हुद्द्याचा शिपाई आपल्याकडे एक युक्ती असल्याचं सांगतो. कॅप्टन म्हणतो, आता ती राहू दे. शिट्टी वाजते, सगळे खंदकातून वर चढतात, दृश्य संथ होत जातं आणि त्या जागी पॉपीच्या, म्हणजे त्या युद्धातल्या मृतांची आठवण मानल्या जाणाऱ्या लाल फुलांचं शेत दिसतं. त्यानंतर लेखकांनी एकही विनोद ठेवलेला नाही.